पोटावरची जागा

तोंडात टाचण्या असल्या की पुष्पावतीला बोलता येत नसे, आणि त्या सकाळी तेच बरं झालं. मेघाश्री आरशाकडे पाठ करून उभी होती, मान वळवून स्वतःचीच पाठ बघायचा प्रयत्न करत होती. तिचं लग्न तोंडावर आलं होतं आणि ब्लाउजचा मागचा गळा किती खोल ठेवायचा यावरून तिचं आईशी फोनवर नुकतंच भांडण होऊन गेलं होतं. पुष्पावतीने तिच्या मणक्यावर बोट टेकवलं आणि भुवया उंचावून विचारलं, इथवर? "स्वल्प खाली, अक्का," मेघाश्री म्हणाली, आणि तेवढ्यात पुष्पावतीच्या पोटाच्या तळाशी ते झालं. दुखलं नाही. कळ नाही, मुरडा नाही. कुणीतरी आतून दार ढकलावं आणि आपण कडीला हात घालायला जावं, तर कडीच नसावी, तसं. तिने टाचण्या तोंडातून काढल्या, त्या कुठे ठेवल्या ते तिला कळलं नाही, आणि अर्धा टाचलेला ब्लाउज अंगावर घेऊन उभ्या असलेल्या त्या मुलीला काही न सांगता ती दुकानाच्या मागच्या दाराने बाहेर पडली. जिन्याखाली सगळ्या दुकानांचा मिळून एक संडास होता. तिथवरचं अंतर ते केवढं, पण दाराशी पोचता पोचताच तिला कळलं की उशीर झाला आहे. तिने आत जाऊन कडी लावली आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली. नळाखाली बादली होती. तिने नळ सोडला, पाणी हवं होतं म्हणून, आणि बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणूनही.

एके काळी हे शरीर किती शहाण्यासारखं वागायचं. सकाळची कॉफी झाली की आपोआप सगळं उरकायचं; त्याबद्दल विचार करावा असं काही त्यात नव्हतंच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शरीरांची मापं घेतली, कुणाचा उजवा खांदा उतरलेला, कुणाला बाळंतपणानंतर दंडाची शरम वाटते, हे सगळं तिने पोटात ठेवलं, पण स्वतःच्या पोटात काय चाललं आहे याची तिला कधी दखल घ्यावी लागली नव्हती. मग रक्त दिसायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून तिने मल्लेश्वरमच्या बाजारातून सुरण आणलं, ताक प्यायली, आणि बरेच महिने गप्प बसली. तपासलं तेव्हा गाठ निघाली, अगदी खाली, आतड्याच्या शेवटाला. ती डॉक्टर मोठी मायाळू बाई होती. तिने कागदावर चित्र काढून दाखवलं की एवढा भाग काढायचा, वरचं आतडं खाली ओढून जोडायचं, आणि जोड भरून येईपर्यंत पोटावर एक वाट काढून पिशवी लावायची. काही महिन्यांसाठीच. पुष्पावती चित्राकडे बघत राहिली. तिला ते बाही जोडण्यासारखं वाटलं. जोड नीट बसला पाहिजे, कापड ताणलं जाता कामा नये. तिचा नवरा नरसिंहराव मात्र चित्राकडे न बघता डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होता. "पिशवी नंतर काढणार ना?" त्याने दोनदा विचारलं.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा नर्सने पांघरूण दूर केलं तेव्हा पुष्पावतीने डोळे मिटून घेतले. बघितलं ते त्याने. लाल, ओलसर, गुलाबाच्या कळीएवढं काहीतरी, आणि त्याला स्पर्श कळत नाही म्हणे. घरी आल्यावर ती पिशवी बदलायची कुणी हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. नरसिंहराव सकाळी अंघोळ करून, बाह्या दुमडून, कोमट पाण्याचं भांडं घेऊन आला. घड्याळाच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. भिंग डोळ्याला लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारे त्याचे हात, पण पिशवीच्या चकतीला नेमकं त्या कळीच्या मापाचं भोक कापायचं तर ते वेडंवाकडं व्हायचं आणि कडेने गळायचं, कातडी भाजल्यासारखी लाल व्हायची. तिसऱ्या चौथ्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "कात्री फिरवू नका. कात्री जागेवर ठेवा आणि कापड फिरवा. ब्लाउजचा गळा कापतात तसं." त्या दिवशी भोक गोल आलं. त्याने ते खिडकीकडे धरून आरपार बघितलं आणि एवढ्या आनंदाने हसला की तिने मान वळवलीच. मग त्या सकाळी त्यांच्या होऊन गेल्या. तो त्या कळीला धाकटी म्हणायचा. "धाकटी आज शांत आहे." "धाकटीला काल पपई आवडली नाही वाटतं." आणि हात चालू असताना त्याचं तोंडही चालू राहायचं, जे लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं. कारखान्यातल्या पहिल्या दिवशी तो जेवणाच्या सुट्टीत रडला होता, हे तिला तेव्हा कळलं. तिचा वांगीभात त्याला कधीच आवडला नव्हता, हेही तेव्हाच. "मग इतकी वर्षं कसा खाल्लात?" "तू वाढायचीस तेव्हा बघत बसायचीस," तो म्हणाला, आणि ओल्या कापसाने कडा पुसत राहिला. पुरुषाने बायकोच्या अंगाला इतक्या हळू हात लावलेला तिने कुठे ऐकला नव्हता. तिने ब्लाउजपिसांच्या उरलेल्या तुकड्यांतून पिशवीवर घालायला खोळी शिवल्या, जरीकाठाच्यासुद्धा. ती दुकानात बसायची, भजनाला जायची, मुलाकडे इलेक्ट्रॉनिक सिटीला जाऊन राहिली. सून आसावरी पुण्याची, बोलण्यात निम्मं इंग्रजी, पण तिने आल्या आल्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला आणि म्हणाली, "आई, हे तुमचं सगळं सामान इथे. आणि काही लागलं तर प्लीज फॉर्मल होऊ नका हं." पुष्पावतीला तिची भाषा सगळी कळली नव्हती, कप्पा कळला होता.

मग पिशवी काढली. आतडं परत जोडलं, कळी आत गेली, पोटावर एक शिवण उरली. नरसिंहरावने गल्लीभर मैसूरपाक वाटला. उद्यानातल्या मित्रांना, इस्त्रीवाल्याला, डॉक्टरच्या कम्पाउंडरलासुद्धा. "आता सगळं पहिल्यासारखं," तो ज्याला त्याला सांगत होता, आणि ती आत संडासात बसली होती. उठायची, हात धुवायची, पदर नीट करायची, आणि परत जायची. होईल हळूहळू ठीक, असं सगळ्यांनी सांगितलं होतं, म्हणून तिने वाट पाहिली. तपासणीला गेल्यावर डॉक्टर विचारायची, "कशा आहात?" आणि नरसिंहराव म्हणायचा, "फर्स्ट क्लास!" त्या दोन शब्दांत त्याचा एवढा अभिमान असायचा की त्यावर आणखी काही बोलणं म्हणजे त्याने मांडलेली रांगोळी पायाने पुसण्यासारखं. गाठ परत आलेली नव्हती. जीव वाचला होता. वाचलेल्या जिवाने तक्रार कशाची करायची? तिने स्वतःच वाटा शोधल्या. बाहेर जायचं असेल त्या दिवशी जेवायचं नाही. अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, दिवसांत साऱ्या मल्लेश्वरमला त्या शेंगांचा वास यायला लागला तेव्हा तिने सोलून फक्त इतरांना वाढल्या. हातातल्या कापडी पिशवीत एक जास्तीचा परकर. भजनात शेवटच्या रांगेत, दाराजवळ, आणि पुढे भजनच नाही. मुलाकडे जायचं म्हटलं की गुडघेदुखीचं निमित्त. "गुडघ्याचं काय ते दाखवून घ्या की एकदा," प्रदीपकुमार फोनवर म्हणायचा, आणि परवा त्याचा आवाज निराळाच लागला होता. "आई, आसावरीचं काही चुकलं का? तिला तसं वाटतंय. ती विचारत होती." पुष्पावती म्हणाली, "नाही रे, भलतंच काय," आणि फोन ठेवून परत आत गेली. नरसिंहराव वर्तमानपत्र वाचत होता. सकाळी आता त्याला काही काम नव्हतं. दोघांत शब्द पुन्हा पहिल्यासारखे मोजके झाले होते. त्या बाबतीत मात्र खरोखरच सगळं पहिल्यासारखं झालं होतं.

"अक्का?" बाहेरून मेघाश्रीचा आवाज आला. "बरं नाही का? मी कुणाला बोलावू?"

"नको. तू जा घरी. ब्लाउज काढून टेबलावर ठेव, टाचण्या सांभाळ."

पावलं दुकानाकडे गेली आणि परत आली. मेघाश्री म्हणाली, "मी पाटीवरच्या नंबरवर फोन केलाय. अंकल येतायत. मी तोवर दुकानात थांबते, कुणाला इकडे येऊ देत नाही." तिची पावलं दूर गेली. पुष्पावतीला त्या मुलीचा राग यायला हवा होता, पण ती तिथेच दगडाच्या कट्ट्यावर टेकली आणि आपण रडतो आहोत हे तिच्या लक्षात आलं. ओले कपडे बादलीत होते. अंगावर फक्त ब्लाउज आणि गुंडाळलेली ओली साडी. तिला आपल्या आईची आठवण आली, जिने तिला लहानपणी एकदा शाळेतून असंच घरी आणलं होतं आणि वाटेत कुणालाही काही न सांगता, तिचा हात धरून, मोठ्याने दुसरंच काहीतरी बोलत चालली होती.

नरसिंहरावची चप्पल तिने ओळखली. तो दाराशी येऊन थांबला. धाप लागली होती त्याला.

"पुष्पा? पडलीस का?"

"नाही. साडी पाहिजे. परकर पण. पिशवीत आहे, मशीनच्या खाली. साडी मात्र घरून आणा."

"पिशवीत परकर कशाला ठेवलायस?"

नळ अजून चालू होता. तिने तो बंद केला आणि एकाएकी इतकं शांत झालं की त्याचा श्वास तिला दाराच्या फटीतून ऐकू आला.

"केव्हापासून हे?" त्याने विचारलं.

"पिशवी काढल्यापासून."

"मग डॉक्टरांपुढे सांगितलं का नाहीस? मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मैसूरपाक वाटत होता की."

तो गेला. परत आला तेव्हा दार किलकिलं करून तिने कपडे घेतले. नेसता नेसता, दार बंद असतानाच, ती म्हणाली, कारण समोरासमोर तिला ते कधीच म्हणता आलं नसतं, "मला ती पिशवी परत पाहिजे."

घरी जाताना तो चार पावलं पुढे चालला. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही, तो त्याबद्दल बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवून म्हणाला, "एकदा जिंकलेलं परत कुणी हरतं का?" तिला त्याचा राग आला नाही. तिला दिसत होतं की त्याने ते महिने रोज मनात एकच दिवस धरून काढले होते, पिशवी निघेल तो दिवस, आणि आता ती त्याच्या हातातून तो दिवस काढून घेत होती. "परत भूल, परत टाके. या वयात. आणि कायमची, पुष्पा. कायमची म्हणजे काय कळतं का?" ती म्हणाली, "आत्ताचं पण कायमचंच आहे." पुढच्या तपासणीला डॉक्टरने विचारलं, "कशा आहात?" आणि तो गप्प राहिला. मग पुष्पावतीने सांगितलं, सगळं, टेबलाच्या कडेकडे बघत. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. म्हणाली, यात तुमचं काही चुकलेलं नाही आणि जोडही बिघडलेला नाही. मळ साठवायची जी कोठी होती तीच आम्ही काढली, म्हणून आतड्याला थांबता येत नाही. पुष्कळांचं असं होतं आणि पुष्कळजण सांगत नाहीत. पण लगेच पिशवी नको, आधी औषधं, खालच्या स्नायूंचे व्यायाम, पाण्याने आतडं धुवायची रीत, हे सगळं करून बघू. नरसिंहरावला ते ऐकून एवढं हायसं वाटलं की त्याने उठून डॉक्टरांना नमस्कार केला. उगादीपासून, म्हणजे पाडव्यापासून, गणपतीपर्यंत पुष्पावतीने सांगितलेलं सगळं केलं. थोडा फरक पडलाही. काही दिवस चांगले जायचे, आणि ते कुठले हे आधी कळायचं नाही. अख्खी सकाळ आतडं धुण्यात जायची. तिची मशीनवरची बैठक मोडली ती मोडलीच. गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली. तो रोज विचारायचा, "आज?" आणि तिच्या उत्तराकडे परीक्षेचा निकाल असावा तसा बघत बसायचा. ते तिला सगळ्यात जड जायचं.

मुलाच्या घरची सत्यनारायणाची पूजा चुकवता येण्यासारखी नव्हती. प्रदीपकुमारने टॅक्सी पाठवली. पुष्पावतीने आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं, पण शिवाजीनगरपर्यंत येईतोच तिने नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. तो आधी समजला नाही. मग समजला. "गाडी थांबवा," तो ड्रायव्हरला म्हणाला, आणि उतरून समोरच्या भांड्यांच्या दुकानात शिरला. या माणसाने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, शेजाऱ्याकडे साखरही नाही. तिने गाडीतून पाहिलं, तो दुकानदारापुढे उभा होता, दोन्ही हात पोटाशी धरून, बोलत होता, आणि दुकानदार मान हलवत होता, नाही म्हणून. तो पुढच्या दुकानात गेला. दुसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा एका डोशाच्या हॉटेलात त्याने गल्ल्यावरच्या माणसाला सांगितलं, "माझ्या बायकोचं ऑपरेशन झालंय," आणि तो माणूस स्वतः उठून वाट दाखवायला आला. सिल्क बोर्डापाशी, तो उंच पूल सुरू व्हायच्या आधी, ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "सार, वर चढल्यावर मध्ये कुठे थांबता येणार नाही. आत्ताच सांगा." नरसिंहरावने तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. "खालून घ्या," तो म्हणाला. खालून गर्दी होती, ट्रक होते, धूळ होती, आणि अर्ध्या वाटेत पुन्हा थांबावं लागलं, एका पेट्रोल पंपावर. संडासाला कडी नव्हती. ती आत असेपर्यंत तो बाहेरून दार ओढून धरून उभा राहिला. पांढरं धोतर, पूजेसाठी नेसलेलं, त्यावर चाकांचा चिखल उडालेला. ती बाहेर आली तेव्हा त्याने दाराची मूठ लगेच सोडली नाही.

"तू हे रोज करतेस," तो म्हणाला.

"होय की."

"एकटी."

एक ट्रक गेला. त्याच्या आवाजात त्याने काहीतरी म्हटलं, तिला ऐकू आलं नाही, म्हणून तिने विचारलं, काय? त्याने मोठ्याने सांगितलं, पंपावरची दोन माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने, "करू या म्हटलं. पिशवी. करू या." त्या दिवशी पूजेला उशीर झाला. आसावरी दारात उभी होती, काळजीने चेहरा उतरलेला. पुष्पावतीने चप्पल काढायच्या आधीच तिला सांगितलं, "तुझं काही चुकलेलं नाही ग. माझं पोट. आत चल, सांगते." स्वयंपाकघरात, शिऱ्याच्या परातीशेजारी उभं राहून तिने सांगितलं, आणि आसावरी आधी म्हणाली, "ओह गॉड, आई," आणि मग काहीच इंग्रजी न बोलता तिला मिठी मारून उभी राहिली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी खोलीत एक नर्स आली. अश्लेषा तिचं नाव, बेळगावची, मराठी बोलणारी. तिच्या हातात जांभळ्या शाईचं पेन होतं. पहिल्या वेळी सगळं घाईत झालं होतं, कुणी काही विचारलं नव्हतं. "आज आपण जागा ठरवायची," अश्लेषा म्हणाली. "या वेळी डाव्या बाजूला येणार. पण नेमकी कुठे, ते तुम्ही सांगायचं. झोपा, मग बसा, मग उभ्या राहा. घरी बसता तशाच बसा, पाहुण्यासारख्या नको." पुष्पावती पलंगाच्या कडेवर बसली आणि नकळत मशीनवर बसते तशी पुढे वाकली, एक पाऊल पायट्यावर असल्यासारखं पुढे. पोटाला वळी पडली. तिने खाली पाहिलं. म्हातारं होत चाललेलं पोट, त्यावर आडव्याउभ्या शिवणी, कुठे घट्ट, कुठे सैल. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं नीट, न लाजता बघत होती. परकराची नाडी इथे येते. साडीच्या निऱ्या इथे. वाकलं की इथे मोडतं. तिने अश्लेषाकडून पेन घेतलं, श्वास सोडून पोट सैल केलं, आणि एक छोटा गोल काढला. उभी राहिली. परत बसली. "इथे," ती म्हणाली. अश्लेषाने तळवा ठेवून बघितलं, मान हलवली, आणि ती खूण अंघोळीत पुसली जाऊ नये म्हणून वर पारदर्शक पट्टी चिकटवली.

"बदलायला घरी कुणाला शिकवायचं?"

"मला येतं," खुर्चीवरून नरसिंहराव पटकन म्हणाला, सरळ बसत. "सगळं येतं मला."

"मी शिकणार आहे," पुष्पावती म्हणाली. "मीच करणार."

अश्लेषा हसली, तिचं सामान गोळा करून गेली. दार लागलं. नरसिंहराव आपल्या हातांकडे बघत होता. ते मांडीवर पालथे पडले होते, आणि तिला कळलं की ती काय बोलली, आणि तेही कळलं की बोलली ते खरंच होतं, त्यात बदल करायचा नव्हता.

"मग मी काय करू?" तो म्हणाला.

"शेजारी बसा. बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

तो उठला. खुर्ची ओढत पलंगापाशी आणली आणि बसला. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी कानडीत नातेवाइकांना पत्ता सांगत होतं. मग तो म्हणाला, "खालच्या कॅन्टीनची कॉफी अगदी पाणी आहे."

"मग?"

"मग काय. दोन कप प्यालो."

"का?"

"भीती वाटत होती," तो म्हणाला.

पुष्पावतीने पदर सारखा केला. एक हात त्या खुणेवर ठेवला, दुसरा त्याच्यापुढे केला, आणि म्हणाली, "मला पण."